मासे मोजणार कोण?

जलाशयात मासे किती आहेत, हा प्रश्न वरकरणी मत्स्यशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर बंदी, परवाना आणि ठेका ठरू लागला की तो सत्तेचा प्रश्न होतो. नागपूर जिल्ह्यातील तोतलाडोहापासून भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांपर्यंत ढीवर समाज वर्षानुवर्षे एकच शंका बोलून दाखवीत आला आहे: सरकारी कागदावरचे मासे आणि पाण्यातले मासे यांचा मेळ बसत नाही. ही शंका अडाण्यांची कुरकुर म्हणून बाजूला सारली जाते. समाजवादी कार्यकर्त्यांनी मात्र तिच्याकडे गांभीर्याने पाहण्याची गरज आहे, कारण तिच्या मुळाशी ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न आहे.

पेंच नदीवर तोतलाडोहचे धरण १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. वीज दोन्ही राज्यांना मिळाली, नागपूर शहराला पाणी मिळाले. बुडालेल्या क्षेत्राचा मोठा भाग मध्य प्रदेशात, लहान भाग महाराष्ट्रात. ज्यांची गावे आणि शेते गेली त्यांच्यापुढे उपजीविकेचे एकच साधन उरले, ते म्हणजे धरणाच्या पाण्यातील मासे. पण महाराष्ट्राच्या बाजूचे जंगल १९७५ मध्येच राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले होते, आणि मध्य प्रदेशाच्या बाजूचे १९८३ मध्ये झाले. त्यामुळे विस्थापितांना त्यांच्याच बुडालेल्या जमिनीवरचे पाणी परके झाले.

मध्य प्रदेश सरकारने ३०५ आदिवासींना या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले, तेव्हा प्राणी व पर्यावरण रक्षणासाठी काम करणारी एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. आदिवासींच्या हक्कांचा निवाडा करण्यात शासनाने दिरंगाई केली हे लक्षात घेऊन, जंगलरक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याचा प्रयत्न त्या निकालात झाला. परवानाधारकांना छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे, रोज आत येणाऱ्यांची व त्यांनी नेलेल्या मासळीची नोंद ठेवावी, आणि प्रमाणाबाहेर मासेमारी होते आहे असे दिसल्यास शासनाने तिच्यावर मर्यादा घालाव्यात, असे न्यायालयाने सांगितले.

तत्त्व म्हणून हे निर्दोष होते: आधी मोजा, मग मर्यादा घाला. परंतु नोंदवही प्रशासनाच्या हाती राहिली. तिच्यातील आकडे ग्रामसभेपुढे वाचले जावेत आणि मासे धरणाऱ्याला त्यांवर हरकत घेता यावी, अशी रीत काही रुजली नाही. आज व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील तोतलाडोहात मासेमारीला मनाई आहे. ही मनाई मासळीच्या मोजदादीतून निघालेली नाही, ती संरक्षित क्षेत्राच्या कायद्यातून आणि त्यावरील आदेशांतून आली आहे. म्हणजे मोजून मर्यादा घालण्याचा जो मार्ग १९९७ मध्ये दाखविला गेला होता, तो धड चालून न पाहताच सोडून देण्यात आला.

अभयारण्याबाहेरच्या तलावांत तरी चित्र वेगळे आहे काय? पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, हजारोंच्या संख्येने आहेत. मालगुजारी नष्ट झाल्यावर ते शासनाच्या ताब्यात गेले आणि मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. येथे हिशेब कसा होतो? तलावाचे क्षेत्र हेक्टरमध्ये धरायचे, हेक्टरी किती बोटुकली सोडायची याचा इष्टांक ठरवायचा आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा. कागदावरचे क्षेत्र भरल्या तलावाचे असते. उन्हाळ्यात तलावाचे डबके होते. सोडलेल्या बोटुकलीपैकी किती जगली, किती सांडव्यावरून वाहून गेली, हे कोणी मोजत नाही. शिवाय हा हिशेब कटला, रोहू आणि मृगळ या सोडलेल्या माशांचा. मरळ, वाम, झिंगे यांसारखी आपोआप वाढणारी देशी मासळी, जिच्यावर गरीब घरातील रोजचे कालवण चालते, ती या हिशेबात जवळजवळ नसतेच. जे मोजले जात नाही ते नष्ट झाले तरी कागदावर तूट दिसत नाही.

मच्छीमाराच्या शंकेला तुच्छ लेखण्याची किंमत जगाने मोजली आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर लहान होड्यांतून कॉड मासा धरणारे कोळी १९८० च्या दशकात सांगत होते की मासा कमी होतो आहे आणि आकारानेही लहान होतो आहे. सरकारी अंदाज मात्र मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर बऱ्याच अंशी विसंबलेले होते, आणि मासा कमी झाला तरी उरलेले थवे शोधून काढणे यांत्रिक ट्रॉलरला शक्य होते. म्हणून कागदावर साठा सुरक्षित राहिला. २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या मेक्सिको आखातात गळ टाकून हौसेने लाल स्नॅपर धरणाऱ्यांना २०१७ मध्ये केंद्रीय हद्दीत आरंभी केवळ तीन दिवसांचा हंगाम जाहीर झाला. समुद्रात मासा भरपूर आहे, सरकारी मोजणी चुकते आहे, असे ते वर्षानुवर्षे म्हणत होते. अखेर सरकारी पैशातून स्वतंत्र मोजणी झाली आणि २०२१ मध्ये आलेला अंदाज पूर्वीच्या सरकारी आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला. फेरतपासणीत तो काहीसा खाली आला, तरी शंका निराधार नव्हती हे सिद्ध झाले. एका ठिकाणी सरकारचा आकडा फुगलेला होता, दुसऱ्या ठिकाणी आखडलेला. यातील एक भेद मात्र विसरता कामा नये. अमेरिकेतील हौशी मंडळींजवळ पैसा होता, संघटना होत्या, लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोच होती. म्हणून त्यांच्या शंकेसाठी नवी मोजणी झाली. ढीवराच्या शंकेसाठी असा खर्च कोण करणार?

याचा अर्थ मासेमाराची प्रत्येक शंका खरीच असते असा नव्हे. बारीक आसाचे जाळे, पाण्यात कालविलेले विष, सुरुंगाचा स्फोट हे प्रकार घडतात. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून विष व स्फोटके निषिद्ध असली तरी ते थांबलेले नाहीत. पावसाळ्यात अंड्यांवरची मासळी धरली तर पुढच्या वर्षीचे पोट आपणच कापतो, हे जुने ढीवर जाणतात. पण कर्जाच्या ओझ्याखाली आणि व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशात अडकलेल्या माणसाला हे शहाणपण परवडत नाही. पाणमांजर आणि पाणपक्षी यांचाही पाण्यावर हक्क आहे. तेव्हा मर्यादा नको, असे कोणत्याही जबाबदार चळवळीला म्हणता येणार नाही. मर्यादा कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाकोणावर घालायची, एवढाच वाद आहे.

कोणाकोणावर, हा मुद्दा नागपूरकरांना विशेष लागू आहे. या शहराचे सांडपाणी घेऊन नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सारे गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा उपद्रव वेगळाच. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळा येथे राखेचा बंधारा फुटला, हे ताजे उदाहरण आहे. गोसीखुर्दवर पोट असलेल्या ढीवराने किती किलो मासे धरावेत याची चर्चा होते. महानगराने किती मासे मारावेत याला कसली मर्यादा नाही. जाळ्याने धरलेला मासा गुन्ह्याचा पुरावा ठरतो, सांडपाण्याने मेलेला मासा मात्र कोणाच्याच नावावर लागत नाही.

दुसरा मार्ग शक्य आहे, आणि तो समाजवादी चळवळीनेच दाखविला आहे. सातपुड्यात तवा धरणाच्या विस्थापितांनी किसान आदिवासी संघटनेच्या नेतृत्वाखाली लढून १९९६ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला. समाजवादी जन परिषदेचे दिवंगत नेते सुनील यांचे आयुष्य त्या कामात गेले. तवा मत्स्य संघाने बोटुकली स्वतः सोडली, बंदीच्या काळात स्वतः पहारा दिला आणि प्राथमिक संस्थांमार्फत मासळी तोलून घेऊन किलोप्रमाणे मोबदला दिला. उत्पादन आधीच्या कित्येक पटींनी वाढले. तोलणारा आणि धरणारा एकाच संघाचे सभासद असल्याने आकडा लपविण्याचे कारण उरले नाही. २००६ मध्ये हा प्रयोग थांबला तो अपयशामुळे नव्हे, तर व्याघ्र प्रकल्पाच्या निर्बंधांमुळे. आज गोंदिया जिल्ह्यातही काही तलावांत ढीवरांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासळी परत आणली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक जलाशयाची पकड-नोंद मासेमार संस्था आणि शासन यांनी संयुक्तपणे ठेवावी व ती दरमहा ग्रामसभेत वाचली जावी. देशी मासळीची स्वतंत्र मोजणी व्हावी. ठेक्याचा हिशेब उन्हाळ्यात उरणारे पाणी धरून व्हावा. प्रदूषणाने झालेली हानी नोंदवून तिची भरपाई प्रदूषकाकडून घ्यावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासळीवरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. तोतलाडोहच्या प्रश्नाचा या कायद्यानुसार उघड निवाडा व्हावा. ढीवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे त्यांना तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो गोळा करण्याचे काम कार्यकर्त्यांचेच आहे.

शासनाची वाट न पाहता करण्याजोगे एक काम आजच हाती घेता येईल. प्रत्येक मच्छीमार संस्थेने स्वतःची वही घालावी: तारीख, जाळ्याचा आस, माशाची जात, वजन. उद्या अधिकारी बंदीचा वा इष्टांकाचा कागद घेऊन येईल, तेव्हा ढीवराजवळ केवळ शंका असू नये. त्याच्याजवळ दहा पावसाळ्यांचा लेखी हिशेब असावा.