जमेची बाजू, नावेची बाजू

चेंबूरच्या गांधी मैदानाशी सकाळी फिरताना शाळकरी पोरांचा खेळ पाहत मी घटकाभर थांबतो. बँकेत हयात गेली, त्यामुळे जमा दिसली की नजर आपसूक नावेच्या बाजूकडे वळते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना झाला. बोरिवलीच्या शाळेची धावसंख्या ७६१. अंधेरीच्या शाळेचा डाव ७ धावांत आटोपला, त्याही अवांतर. एकाही मुलाला भोपळा फोडता आला नाही आणि घराघरांत हसू पिकलं.

त्याआधी, जानेवारी २०१६ मध्ये, कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. कौतुक रास्तच होतं. पण प्रतिस्पर्धी ३१ धावांत बाद झालेले असताना त्याच्या शाळेने डाव सोडला तो १४६५ धावांवर! कुठे थांबायचं हे पंधरा वर्षांच्या मुलाने का ठरवावं? ते काम मोठ्यांचं.

प्रणवला मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे खेळ मंदावला, तेव्हा २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच ती थांबवायला कळवलं. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला हे पैसे जड नव्हते. मला तो विक्रमाहून मोठा वाटतो.

जिंकण्यात वावगं काहीच नाही. पण शाळांनी ढालींबरोबर आणखी एक हिशेब ठेवावा: हरलेली मुलं दुसऱ्या दिवशी सरावाला येतात का?