शासनाचा निकाल कोण लावणार?

२०२१ सालच्या जून महिन्यातील एखादा शनिवार-रविवार. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर वा पवनी तालुक्यातले कोणतेही गाव डोळ्यांपुढे आणावे. मृग लागला आहे, धानाच्या पऱ्ह्यांसाठी बांध्या तयार होत आहेत. दहावीला शिकवणारा शिक्षक पडवीत गुणतक्ते पसरून बसला आहे. सोमवारी हे तक्ते मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांच्या निकाल समितीपुढे जावयाचे आहेत. गाव शांत आहे. पण ही शांतता विश्रांतीची नाही. दुसऱ्या लाटेने एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी जे नेले, त्यानंतरची ती शांतता आहे.

त्या शिक्षकापुढील प्रश्न गणिताचा नव्हता, न्यायाचा होता. एप्रिल २०२१ मध्ये शासनाने दहावीची परीक्षा रद्द केली. तो निर्णय योग्यच होता. लाखो मुलांना परीक्षाकेंद्रांत कोंबणे हा अविचार ठरला असता. वाद आहे तो त्यानंतरच्या सूत्राविषयी. शंभरांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक यांवरून द्यावयाचे होते. कागदावर हे सूत्र निर्दोष दिसते. परंतु या विद्यार्थ्यांच्या नववीची द्वितीय सत्राची परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत रद्दच झाली होती. म्हणजे प्रमाणपत्राचा अर्धा भाग २०१९ मधील एका सत्राच्या पायावर उभा होता. उरलेला अर्धा ज्या वर्षावर उभा राहावयाचा, त्या वर्षी शाळा नोव्हेंबरनंतर काही काळ भरल्या आणि दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद झाल्या. शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले आणि पडदा ज्याच्या घरी नाही तो विद्यार्थी वर्गाबाहेर गेला.

हे शासनास ठाऊक नव्हते काय? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. संगणक ५ टक्के कुटुंबांकडेही नव्हता. ही आकडेवारी सरकारचीच. धानाची रोवणी, विडीचे काम आणि उन्हाळ्यातील तेंदूपाने यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या घरी एखादा फोन असलाच तर तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात असतो. अशा घरातील मुलीने गृहपाठ पाठवला नाही, तर त्या वीस गुणांच्या रकान्यात काय लिहावे? शून्य लिहिले तर दारिद्र्याला शिक्षा होते. अठरा लिहिले तर जे शिकवलेच नाही ते शिकवले, अशी खोटी साक्ष दिली जाते. शासनाने आपली अपराधी सद्सद्विवेकबुद्धी त्या पडवीत बसलेल्या माणसाच्या हवाली केली आणि स्वतः मोकळे झाले.

आणि हा माणूस कोण? ज्याला त्याच साथीत सर्वेक्षणाच्या कामाला जुंपले, तो. तो शिक्षणसेवक असेल, तर माध्यमिक शाळेत महिना आठ हजार रुपयांच्या मानधनावर तीन वर्षे राबणारा. हे मानधन वाढण्यास २०२३ साल उजाडावे लागले. विनाअनुदानित शाळेतील असेल, तर त्याच्या हालांस सीमाच नाही. एरवी ज्याच्या शब्दावर मंडळ अंतर्गत मूल्यमापनाच्या मोजक्या गुणांपलीकडे विश्वास टाकत नाही, त्याला संकटकाळी अचानक न्यायाधीश केले गेले. अधिकार मात्र दिला नाही, दिली ती फक्त जबाबदारी.

१६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला : ९९.९५ टक्के. शहरांतील सुखवस्तू वर्गाने लगेच नाक मुरडले की, गुणांची खैरात झाली. खैरात झाली हे खरे नाही. शिक्षकांनी मुलांना नापासाच्या शिक्क्यापासून वाचवले, हा त्यांचा माणुसकीचा व्यवहार होता. लबाडी अन्यत्र झाली. शासनाने हे ९९.९५ टक्के म्हणजे आपले काम पुरे झाल्याचा दाखला मानले. न फेडलेल्या कर्जावर 'पूर्ण फेड' असा शिक्का मारला. १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, पण तो दुसरी ते दहावीच्या वर्गांसाठी. दहावी नुकतीच ओलांडलेल्यांसाठी सेतू नव्हता. त्यांनी नदी पोहूनच पार करावयाची होती. ज्यांना खासगी शिकवणीचा तराफा विकत घेता आला ते पैलतीरी पोचले. इतरांनी बारावीपर्यंत गटांगळ्या खाल्ल्या, किंवा ते थेट मजुरीच्या बाजारात उतरले.

१८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते : शेतकऱ्याच्या घामाच्या महसुलातून वरच्यांचे शिक्षण चालते आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला काही येत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावयास सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहून काढला. तो आजवर कागदावरच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्र चौदा वर्षांवर संपते, म्हणजे नववी-दहावीचा विद्यार्थी नेमका त्याबाहेर पडतो. साथीने ही विषमता निर्माण केली नाही. तिने ती फक्त उघडी पाडली.

म्हणून कार्यकर्त्यांनी 'ऑनलाइन' की 'ऑफलाइन' या फसव्या वादात शिरू नये. मागणी स्पष्ट असावी : शिक्षण हक्काची मर्यादा अठरा वर्षांपर्यंत वाढवा, शिक्षकांची रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरा, त्यांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करा, आणि २०२०-२१ च्या ज्या विद्यार्थ्यांचे वर्ष हिरावले गेले त्यांच्यासाठी सार्वजनिक खर्चाने पुरवणी वर्ग व रात्रशाळा चालवा. त्या शिक्षकाने आपले तक्ते सोमवारी वेळेवर दिले. शासनाचा तक्ता अद्याप कोराच आहे, आणि तो भरून घेण्याचे काम जनतेच्या संघटित चळवळीवाचून दुसरे कोणी करणार नाही.