पस्तावा नेमका कशाचा?

अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी भरताना खण-नारळ ठेवून, तांदळाची ओंजळ सोडून बाई पुटपुटते, "आई, यंदा तरी पोरगा होऊ दे." देवी स्वतः कुमारिका. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि ती इथेच राहिली, अशी कथा आहे. लेकीजवळच लेक नको म्हणून नवस बोलायचा, हे कुणालाच वावगं वाटत नाही.

या मागणीचा हिशेब २०११च्या जनगणनेत दिसला. अंबाजोगाई-परळीच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. मे २०१२मध्ये परळीत अवैध गर्भपातात चार मुलींची आई दगावली आणि प्रकरण राज्यभर गाजलं. २०१९मध्ये न्यायालयाने तो गर्भपात करणाऱ्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. तीच शिक्षा मृत महिलेच्या नवऱ्यालाही झाली. पुढे या दांपत्यातल्या जामिनावर असलेल्या पतीला सप्टेंबर २०२०मध्ये परळीतच बेकायदा दवाखाना चालवल्यावरून पुन्हा अटक झाली.

पारावर आज पस्तावा ऐकू येतो. "पोरांना पोरी मिळंनात, केल्याची फळं भोगतोय." बोलणारा खोटं बोलत नाही. पण त्याला पोरगी हवी आहे ती सून म्हणून, नातू व्हावा म्हणून. जुनीच ओढ आता अडचणीत आली आहे, एवढंच. कीर्तनात ज्याला अनुताप म्हणतात, त्यात केलेल्या कर्माइतकीच त्यामागची वासनाही नकोशी व्हावी लागते. नरकाच्या किंवा तुरुंगाच्या भीतीने ती नकोशी होत नाही. भीती फार तर हात आवरते.

तरीही या भीतीला मी हलकं लेखणार नाही. गर्भातल्या मुलीला बापाचं मन निवळेपर्यंत थांबायला सवड नसते. १९९४चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा, सोनोग्राफी केंद्रांवरचे छापे, गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या 'एफ' फॉर्मची तपासणी यांनी एक जीव वाचला, तरी त्या दिवसापुरतं काम झालं. मन बदलण्याचं काम कीर्तनकारांनी करावं, पण त्यासाठी तपासणी ढिली करू नये.

पापाचं बोट मात्र फार लवकर आईकडे वळतं, आणि ते मला मान्य नाही. तिसऱ्या मुलीनंतर माहेरी पाठवणीची धमकी ऐकलेल्या बाईची खरी इच्छा पुष्कळदा घरात टिकून राहण्याची असते. तिने मुलगा मागितला, हे खरं. पण ते मागणं तिच्या तोंडी कुणी घातलं, हेही मोजायला हवं. परळीच्या निकालात नवरा आरोपी म्हणून मोजला गेला. सासू, दीर, भावकी सहसा निकालात येत नाहीत.

आणि वंशाचा दिवा म्हणताना मनात बहुधा शेत असतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका वाटा दिला. तरी बाप गेल्यावर बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, कारण माहेर तुटायला नको असतं. कीर्तनात उपरण्याने डोळे पुसणाऱ्या किती जणांनी सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहू दिलं, ते एकदा तलाठ्याला विचारायला हवं.