आधी पाइप, मग रंग

चेन्नईतल्या एग्मोर, वेपेरी, पुरसवाक्कम, साहुकारपेठ या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक कळकळीची विनंती आहे. भिंतीला ओल आली की लगेच रंगाऱ्याला बोलावू नका.

दिवाळीच्या आधी घर रंगवायची आपली सवय महाराष्ट्रातली. तिथे तोवर पाऊस ओसरलेला असतो. चेन्नईत मात्र खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच तो सुरू होतो. इथली तमिळ माणसं भिंती रंगवायला पोंगलची वाट पाहतात, आणि ते शहाणपणाचं आहे. आपण मात्र ओल्या भिंतीला पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग लावून मोकळे होतो. आत सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर हा रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि कोंडलेलं पाणी दुसऱ्या खोलीत बाहेर पडतं. पैसे जातात, पाइप गळतच राहतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात भिंत ओली दिसत असेल, तर दोष पावसाचा नाही, बहुधा इमारतीतल्याच पाण्याचा आहे. हे पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय छिन्नी-हातोडा हातात घेऊ देऊ नका. आधी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. मग घरातले सगळे गावी किंवा लग्नाला जाणार असतील तो दिवस साधा. टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, पण नळ एकही वापरू नका. तरीही ओल रेघेबाहेर गेली तर नळाच्या पाण्याचा पाइप गळतोय, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असतं. वाढ थांबली तर पुढची परीक्षा न्हाणीघरात. फरशीतल्या नहाणी ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, दोन बोटं पाणी साठवून रात्रभर ठेवा. ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. नाही वाढली, आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर ती वाढली, तर सांडपाण्याचा पाइपच फुटलाय. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये खाण्याचा लाल रंग घालून पाणी ओतलं तर कधी कधी डागावरच रंग उमटतो. एवढं केलंत की भिंत नेमकी कुठे फोडायची ते कळतं, आणि अख्खी भिंत सोलावी लागत नाही.

ओलीच्या जवळ स्विचबोर्ड असेल तर त्या लाइनचा एमसीबी आजच पाडा. ओल्या भिंतीतून विजेचा झटका बसू शकतो. पाइपचं काम दोन दिवस थांबेल, हे थांबवू नका.

एग्मोर स्टेशन १९०८ सालचं. त्या काळातल्या आणि नंतरच्याही इथल्या अनेक इमारतींत विटा-चुन्याच्या भिंती आणि बिडाचे पाइप आहेत. बिडाचा उभा पाइप फार जड असतो. खालचा तुकडा कापण्याआधी वरचा भाग पट्ट्यांनी भिंतीला बांधून घ्यायलाच हवा, नाहीतर तो खाली सरकतो आणि वरच्या मजल्यांचे सांधे उघडतात. गळत्या जागेवर बाहेरून सिमेंट किंवा एम-सील थापू देऊ नका. मेणचट, ओल्या पृष्ठभागावर ते टिकत नाही. खराब तुकडा दोन्ही बाजूंच्या धडधाकट भागापर्यंत कापून काढायचा आणि तिथे नवा पीव्हीसी तुकडा स्टीलच्या पट्ट्या असलेल्या रबरी कपलरने जोडायचा. नव्या पाइपवर आयएस १३५९२ आणि ‘टाइप बी’ हे छापलेलं आहे ना, ते वाचून घ्या. ‘टाइप ए’ पावसाच्या पाण्यासाठी असतो. आडव्या पाइपला मीटरमागे साधारण २.५ सेंटीमीटर उतार द्या.

मग घाई करू नका. भिंत उघडी ठेवून दोन दिवस बादल्यांनी पाणी सोडा, सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहा. मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. कोत्तनार, म्हणजे गवंडी, गिलावा करायला आला की त्याला सांगा, भिंत चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच. सिमेंटने ओल आत अडकते. रंग मात्र भिंत काही आठवडे वाळल्यावरच.

पाइप पुन्हा फुटू नये म्हणूनही थोडं सांगतो. भाताची उकळती पेज सिंकमध्ये ओतू नका. पीव्हीसी मऊ पडून वाकतं. संडास धुवायचं ॲसिड बीड आणि सिमेंट दोन्ही खातं. आणि सांगली भागातून येऊन गलाईचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या माणसांना तर हात जोडून सांगणं आहे, सोनं गाळल्यानंतरचं ॲसिड घराच्या मोरीत कधीही सोडू नका. ते बिडाचा पाइप तर खातंच, खालच्या घरातल्या मुलाबाळांच्या अंगावरही येऊ शकतं.

पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये तुंबलेलं असेल तर चेन्नई मेट्रो वॉटरकडे तक्रार नोंदवा. गटारात माणूस उतरवू नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

ओल खालच्या घरात दिसते आणि दोष बहुतेक वेळा वरच्या घरात असतो. म्हणून वरच्या शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका, पेन्सिलीची रेघ दाखवायला जा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला फोटोसकट लेखी कळवा. आणि हे काम सप्टेंबर संपायच्या आत करून घ्या.