गिअरबॉक्सचे दुखणे, संगणकाचे औषध

मोटारीत पूर्वी यंत्र तेवढे असे. आता त्या यंत्रावर हुकूम चालविणारा संगणकही असतो. त्याचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच संगणकाच्या आडोशाने यंत्रातील दोष झाकण्याची एक रीत मोटारधंद्यात पडू लागली आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून निघताना थरथरते, चढावर हिसके देते, अशी तक्रार घेऊन ग्राहक सर्व्हिस सेंटरमध्ये जातो. तेथे गाडीला संगणकाची वायर जोडली जाते, ‘सॉफ्टवेअर अपडेट केले आहे’ असे सांगून गाडी परत मिळते, आणि काही आठवड्यांत थरथर पुन्हा सुरू होते.

सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे मुळातच फसवणूक, असे आमचे म्हणणे नाही. क्लच केव्हा व किती जोराने पकडावा, गिअर कोणत्या वेगाला बदलावा, हे संगणक ठरवितो. त्याला दिलेल्या सूचनेतच चूक असेल, तर ती सुधारणे हीच खरी दुरुस्ती होय. पण तेलाचे सील गळत असेल, क्लचचे अस्तर खराब झाले असेल, तर सूचना कितीही बदलल्या तरी गळती थांबत नाही. फार तर क्लचची पकड थोडी कमीजास्त करून थरथर काही दिवस दबविता येते. तेवढ्यात वॉरंटीची मुदत मात्र संपत जाते, आणि कारखानदाराने करावयाचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

ही भीती काल्पनिक नाही. फोर्ड कंपनीने फिएस्टा व फोकस या गाड्यांत ‘पॉवरशिफ्ट’ नावाचा, दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स बसविला. अमेरिकेत 2011 पासून त्याविषयी तक्रारी येऊ लागल्या. सॉफ्टवेअर वरचेवर बदलण्यात आले. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर 2014 मध्ये कंपनीने क्लच आणि तेलाचे सील यांची वॉरंटी 7 वर्षे किंवा 1 लक्ष मैलांपर्यंत वाढविली. दुखणे कोठे होते, हे त्या वाढीव वॉरंटीनेच दाखवून दिले. ऑस्ट्रेलियात तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. गिअरबॉक्सच्या तक्रारी ठाऊक असताना, गाडी थरथरते ती तुमच्या चालविण्याच्या पद्धतीमुळे, असे तेथील काही ग्राहकांना सांगण्यात आले होते. एप्रिल 2018 मध्ये तेथील फेडरल कोर्टाने कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

हा गिअरबॉक्स आपल्यालाही परका नव्हता. चेन्नईनजीक तयार होणाऱ्या इकोस्पोर्टच्या एका पेट्रोल प्रकारात 2013 पासून तो मिळत असे. पुढे 2021 मध्ये कंपनीने भारतातील मोटार-उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. पण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 110-अ कलमान्वये चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक वा पर्यावरण यांना अपाय करणारा दोष असेल, तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. गाडी नुसती थरथरते, एवढ्याने असा आदेश निघणे कठीण. राहता राहिला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. तेथे दोष सिद्ध करावा लागतो. आणि संगणकात काय बदलले, याचा कागदच बहुधा ग्राहकाच्या हाती नसतो.

यासाठी आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक अपडेटबरोबर कोणता दोष आढळला, कोणता भाग तपासला आणि काय बदलले, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत लेखी दिले पाहिजे. अपडेटनंतर तीच तक्रार पुन्हा आली, तर गिअरबॉक्स उघडून तपासणे कंपनीवर बंधनकारक असावे. वॉरंटीच्या मुदतीत नोंदविलेली तक्रार दोष दूर होईपर्यंत जिवंत मानली जावी, मग मुदत संपलेली का असेना.

यांत कारखानदारांवर अन्याय होण्यासारखे काही नाही. ज्याचा माल चोख, त्याला लिहून देण्याचे भय कशाचे? पगारातून हप्ते फेडून गाडी घेणाऱ्या ग्राहकाने सदोष भागाची किंमत एकदा गाडीबरोबर आणि पुन्हा दुरुस्तीच्या बिलात का मोजावी, याचे उत्तर कारखानदारांनी द्यावे. ते देत नसतील, तर ते मागणे सरकारचे काम आहे.