भिंतीवरच्या मजकुराला एक वजा हवा

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका प्रदर्शनात मी भिंतीसमोर दहा मिनिटं उभी होते. भिंतीवर चित्र नव्हतं, मजकूर होता. 'स्मृती', 'अवकाश', 'देह' असे शब्द, आणि प्रत्येक वाक्य कशाचा तरी 'शोध घेत' होतं. मला काही कळलं नाही. मैत्रिणीलाही नाही. आम्ही फोटो काढला आणि पुढे सरकलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्या कन्सेप्च्युअलवाल्यांनी वाटोळं केलं सगळं. चित्रं काढायची सोडून निबंध लिहीत बसले."

वाटोळं झालंय, हे मला मान्य आहे. पण आरोपी भलताच पकडलाय.

हा आळ ज्यांच्यावर येतो, त्यांतलं ठळक नाव 'आर्ट अँड लँग्वेज'. टेरी अ‍ॅटकिन्सन, डेव्हिड बेनब्रिज, मायकल बाल्डविन आणि हॅरल्ड हरेल या चौघांनी १९६८ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत हा गट सुरू केला. मे १९६९ मध्ये त्यांचं 'आर्ट-लँग्वेज' हे नियतकालिक निघालं. पहिल्याच संपादकीयात त्यांनी विचारलं, की हे संपादकीयच कलाकृती म्हणून मांडलं तर? वरवर हा चावटपणा वाटेल. पण कलाकारानं मुकाट वस्तू बनवायची आणि तिचा अर्थ दुसऱ्यांनी सांगायचा, ही वाटणी त्यांना मंजूर नव्हती.

मग १९७२. जर्मनीतल्या कासेलमध्ये 'डॉक्युमेंटा ५' या प्रदर्शनात त्यांनी 'इंडेक्स ०१' मांडलं. फायलींची आठ कपाटं, त्यांत गटाचंच लिखाण, आणि भोवतीच्या भिंतींवर त्याची सूची. कुठला मजकूर कुठल्या मजकुराशी जुळतो, याची ती नोंद होती. जुळत असेल तर अधिक. विरोधात जात असेल तर वजा. दोन्ही एका मापानं तोलताच येत नसतील तर इंग्रजी 'टी'.

मी डेटाबेस सांभाळून पोट भरते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसले. पण मला भावला तो तक्ता नाही, वजा. आपल्याच गटातलं लिखाण एकमेकांना छेद देतं, हे त्यांनी झाकलं नाही. भिंतीवर लावलं.

आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पहिल्या नोकरीत माझ्या कोडवर पंधरा-वीस शेरे यायचे आणि मला रडू यायचं. आता कुणी नुसतं 'छान' लिहिलं की धास्ती वाटते, कारण त्यानं ते वाचलेलंच नसतं.

या गटाचा प्रभाव आज जगभरच्या गॅलऱ्यांत दिसतो. मजकूर, फायली, दस्तऐवज, वाचायला मांडलेली टेबलं. पण आपण उचललं काय? कपाट उचललं आणि वजा तिथंच ठेवून आलो. त्यांचा मजकूर वाद घालायला होता; आजचा भिंतीवरचा मजकूर वाद टाळायला असतो. 'ही कलाकृती स्मृतीचा शोध घेते' हे वाक्य खोटं कसं पाडणार? जे वाक्य चूक ठरूच शकत नाही, ते काही सांगतही नाही.

आर्ट अँड लँग्वेजचं लिखाण सोपं होतं, असं मी म्हणणार नाही. तर्कशास्त्र आणि भाषेच्या तत्त्वज्ञानात बुडालेलं ते गद्य दोन पानांत मला दमवतं. पुष्कळदा ते आपसांतच बोलताहेत असं वाटतं. हा दोष खरा आहे. पण अवघड वाक्य आणि पोकळ वाक्य यांत फरक आहे. अवघड वाक्याशी झटलं तर शेवटी हो किंवा नाही म्हणता येतं. पोकळ वाक्यापुढे फक्त मान डोलावता येते.

याची किंमत आपण मोजतो. विशीतली पोरं आपल्यालाच अक्कल नाही असं समजून बाहेर पडतात आणि परत फिरकत नाहीत. मी स्वतः चार वर्षं गॅलरीत पाऊल ठेवलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मजकूर काढू नका. त्याच्या शेजारी दुसरा लावा, त्या कलाकृतीशी असहमत असलेल्या माणसानं लिहिलेला. आणि तुम्ही? पुढच्या वेळी अशा भिंतीचा फोटो काढाल, तेव्हा एका तरी वाक्यापुढे अधिक, वजा किंवा टी लिहून मित्राला पाठवा. खूप प्रयत्न करूनही काहीच लिहिता आलं नाही, तर दोष तुमचा नाही.