गोळी सुटली, की सोडली?

मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं छापून येतं : "बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली." सगळी नोकरी मुलांना कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवण्यात गेल्यामुळे माझं लक्ष आधी क्रियापदावर जातं. 'सुटणे' हे अकर्मक. वारा सुटतो, एस.टी. सुटते, दावणीचं वासरू सुटतं. त्यात कुणाचा हात असावा लागत नाही. 'सोडणे' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी सोडली? आपण मराठी माणसं अडचणीत आलो की पटकन अकर्मक क्रियापदाच्या मागे जाऊन उभे राहतो. कप फुटतो, दूध उतू जातं, आणि गोळी सुटते!

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूला अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्या, परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात गेली. जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं. माणूस प्रसिद्ध म्हणून बातमी देशभर गेली. गावाकडच्या अशा बातम्या आतल्या पानावर चार ओळींत आटोपतात, आणि त्यात पुष्कळदा पाय नसतो, समोर बसलेलं घरातलं माणूस असतं.

माझं मत सरळ आहे. साफ करताना गोळी सुटत नाही. आपल्याकडे घरोघरी असते ती बारा बोअरची दुनळी बंदूक. तिच्या नळ्यांतून गज फिरवायचा तर ती आधी मधोमध मोडावी लागते. मोडली की भरलेली काडतुसं असतील तर त्यांची पितळी बुडं डोळ्यांसमोर येतात. ती काढल्याशिवाय गज आत जाणारच नाही. म्हणजे ज्याने सफाईची पहिली पायरी केली, त्याच्या हातून गोळी उडणं शक्यच नाही. उडाली, तर तो साफ करत नव्हता. दाखवत होता, खेळत होता, नाहीतर भरलेली बंदूक वरवर फडक्याने पुसत होता. पुसणं आणि साफ करणं यांत फरक आहे, हे कुठल्याही गृहिणीला विचारा.

आता मंडळी म्हणतील, मास्तरांना बंदुकीचं काय पडलंय? सांगतो. राहुरी तालुक्यात आमची वस्ती आहे आणि तिथे आमच्या थोरल्या बंधूंची, अण्णांची, दुनळी आहे. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली, किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, तर हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. अण्णा दोन्ही अटींत बसतात. पुतण्याला (तो पुण्याला असतो) बंदूक हवी आहे. सूनबाईंना ती घरात नको आहे. घरात सहा वर्षांचा नातू आहे. दोघांनीही मला स्वतंत्रपणे फोन करून "काका, तुम्हीच काय ते सांगा" म्हटलंय. हा ब्लॉग दोघंही वाचतात, तेव्हा एकदाच इथे लिहितो.

अण्णा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बंदूक काढतात. ओसरीवर घोंगडी टाकायची, पोरंटोरं आत. काडतुसं आतल्या खोलीत कुलपात, त्या घोंगडीवर एकही येता कामा नये. बंदूक मोडायची, दोन्ही घरं डोळ्यांनी बघायची आणि मग बोटाने चाचपायची. डोळा चुकेल, बोट चुकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग नळ्या दस्त्यापासून सोडवून उजेडाकडे धरून आरपार बघायचं. हे बघणं नुसतं गंजासाठी नसतं. कुंभारमाशीला भोक दिसलं की ती मातीचं घर बांधते, आणि बंदुकीची नळी तिला आयतीच असते. आत मातीचा बोळा असताना बार काढला तर नळी फुटते आणि धरणाऱ्याचा हात जातो. आत विसरलेली चिंधीही तेच काम करते.

गज मागच्या बाजूने, म्हणजे काडतुसाच्या घराकडून, घालायचा. आधी पितळी तारांचा ब्रश, शिशाचा आणि दारूचा थर सुटेपर्यंत. मग कोरड्या चिंध्या, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. शेवटी तेलाचा हात, तोही नुसता पुसट. आपल्याकडे जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असा समज आहे (डोक्यालाही आणि भाजीलाही). बंदुकीत जादा तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं, आणि चापाच्या यंत्रणेत धूळ धरून त्याचा चिकटा होतो. खोबरेल तर मुळीच नको. थंडीत थिजतं ते. जवसाचं तेल लाकडाला उत्तम, कारण ते वाळून पातळ पापुद्रा धरतं, पण नेमकं त्याच गुणामुळे आतल्या कळांना ते घातक. अण्णा कळांना शिलाई मशीनचं तेल वापरतात, एकेक थेंब. सगळं झालं की लोखंडावरून तेलकट फडकं फिरवायचं आणि नंतर तिथे उघडा हात लावायचा नाही, घामाचे ठसे गंजतात.

बंदूक गवसणीत ठेवू नये हेही मी त्यांच्याकडूनच ऐकलं. चामडं आणि कापड दमट हवा धरून ठेवतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांना बंदूक जमा करावी लागली होती. ती गवसणीतच दिली गेली आणि विधानसभेनंतर परत आली तेव्हा डाव्या नळीवर तांबूस ठिपके होते. आमच्या कोरड्या भागात ही गत, तर भंडारदरा-घाटघरकडच्या पावसात काय होत असेल!

ठासणीच्या बंदुकांचं प्रकरण वेगळं, आणि जास्त वाईट. ती मोडता येत नाही, त्यामुळे भरलेली आहे की रिकामी हे दिसतच नाही. गज नळीत सोडून तो किती आत जातो ते बाहेरच्या मापाशी ताडून बघायचं, एवढाच उपाय. शिवाय काळ्या दारूत सोरा असतो. तिची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि लोखंड खाते. नुसत्या तेलाने ती जात नाही, त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, वाळवून मग तेल. आजोबांची ठासणीची हौसेने भिंतीवर टांगणाऱ्यांपैकी किती जणांनी एकदा तरी गज घालून पाहिलं असेल? शोभेची म्हणून टांगलेली बंदूक भरलेली नसेलच, हे कोणी ठरवलं?

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुसून हळदकुंकू वाहतो. प्रथा छान आहे. पण वर्षातून एकदा फूल वाहून लोखंड राखलं जात नाही. माझा एक माजी विद्यार्थी सैन्यातून निवृत्त झाला. तो म्हणाला, "गुरुजी, आम्हाला रायफल साफ झाल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही." त्याच्या बोलण्यात भक्ती वगैरे काही नव्हती, दात घासावेत तसं सांगत होता.

सूनबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं. तरी वस्तीवरच्या माणसाने बंदूक का घेतली हेही विसरता येत नाही. जानेवारी २००१ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत दरोडेखोरांनी जे केलं, त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे रात्री कुत्रं भुंकलं तरी बायका उठून बसत. अण्णांच्या बंदुकीने त्या काळात एकही बार काढला नाही, पण घरात झोप लागत होती. हल्ली तरुण मंडळी बिबट्याचं कारण सांगतात. ते मात्र मला पटत नाही. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि उसातून दोन उड्यांत येणाऱ्या जनावरापुढे कपाटातली कुलूपबंद बंदूक काय कामाची? त्यापेक्षा बंदिस्त गोठा आणि ओसरीवर दिवा बरा.

आणि कायद्याकडे 'चुकून सुटली'ला जागा नाही. त्याचा मराठी शब्द आहे 'हयगय'. काय नेमका शब्द आहे! जुन्या भारतीय दंड संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. हयगय करायला कर्ता लागतो. ती आपोआप होत नाही.

तेव्हा चि. पुतण्यास, माझं मत असं. बंदूक आठवण म्हणून हवी असेल तर घेऊ नकोस, आठवणीला अण्णांचा फोटो पुरतो. घ्यायचीच असेल तर अर्जावर सही होण्याआधी सलग सहा महिने पहिल्या रविवारी वस्तीवर ये आणि अण्णांसमोर स्वतःच्या हाताने ती साफ कर. सूनबाईंनी तिथे बसून बघावं, आणि सहा महिन्यांनी त्यांचं जे मत होईल ते अखेरचं धरावं. ते 'नको' असं झालं, तर बंदूक रीतसर जमा करायची, कुरकुर न करता. अण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "त्याला सांग, येताना ब्रश घेऊन ये. इथला झिजलाय."